राजाने मारले, तर दाद कोठे?

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातून ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात त्या नावातील पहिल्या शब्दाचा विचार येत असेल. आजच्या बोलण्यात 'खासगी' म्हणजे ज्यात इतरांनी डोकावू नये ते. मराठी संस्थानांच्या दफ्तरांत मात्र या शब्दाला नेमका कारभारी अर्थ होता. राजघराण्याच्या स्वतःच्या मालकीची गावे, वाडे, जडजवाहीर आणि त्यांचे उत्पन्न ही खासगी; महसूल, फौज, न्याय आणि रस्ते यांचा व्यवहार ही दौलत अथवा सरकार. होळकरांच्या राज्यात खासगीचा कारभार राणीच्या हाती असे, आणि अहिल्याबाईंच्या धर्मकार्याशी या खात्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ग्वाल्हेरास हा शब्द दफ्तरातून उतरून पेठेच्या नावावर येऊन बसला.

हिशेबापुरता हा भेद स्पष्ट होता. परंतु सरकारी गाडीखाली एखादा वाटसरू सापडला, किंवा सरकारी कोठीत जमा केलेला सावकाराचा ऐवज नाहीसा झाला, तर त्याची भरपाई कोणी करावयाची? राजाने, राज्याने, की चूक करणाऱ्या नोकराने? की कोणीच नाही? राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर तक्रार कोणाकडे करायची, ही म्हण मराठी माणसाने उगाच घडविलेली नाही. आणि सरकारला दाव्यापासून संरक्षण असावे की नसावे, असल्यास किती असावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याहून खोलवरचा प्रश्न आहे. या अधिकाराचा इतिहास दीडशे वर्षांहून अधिक लांबीचा आहे, आणि त्यात ग्वाल्हेरचा, तसाच दोन मराठी सरन्यायाधीशांचाही, मोठा वाटा आहे.

जुन्या परंपरेत राजा या बाबतीत अगदीच मोकळा नव्हता. चोरीस गेलेला माल राजाने मालकास मिळवून द्यावा, असे मनुस्मृती सांगते. तो सापडलाच नाही तर राजाने आपल्या कोशातून भरून द्यावा, हा विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टन याने १८१९ साली दख्खनच्या मुलखासंबंधी जो अहवाल लिहिला, त्यात गावाच्या हद्दीत चोरी झाली व चोराचा माग दुसऱ्या गावात पोहोचविता आला नाही, तर गावाने नुकसान भरून द्यावयाचे, अशी चाल नोंदविलेली आढळते. ही चाल नेहमी न्याय्य होती असे नाही. कित्येकदा गरीब जागल्याच्या माथी भलत्याचा भार पडत असे. तथापि ज्याच्याकडे राखण, त्याच्याकडे जबाबदारी, हे तत्त्व त्या व्यवस्थेला मान्य होते, एवढे खरे.

इंग्रजी कायद्याची वाट निराळी होती. राजाच्या हातून अन्याय घडूच शकत नाही, असे तेथील जुने सूत्र, आणि राजाला त्याच्याच न्यायालयात खेचता येत नाही, हा त्याचा अर्थ. हे सूत्र हिंदुस्थानात जसेच्या तसे आले नाही, कारण येथे प्रथम राजा आलाच नाही, आली ती व्यापारी कंपनी. कंपनीवर दावा लावता येत असे. १८५८ साली राणीने राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा पार्लमेंटने कायद्याच्या ६५ व्या कलमात एक साधी वाटणारी तरतूद घातली. ज्या प्रसंगी कंपनीवर दावा चालला असता, त्या प्रसंगी तो आता सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया याच्यावर चालावा, अशी ती तरतूद होती. पुढच्या सगळ्या वादाचे बीज या एका कलमात आहे.

त्याला पहिला अंकुर फुटला तो एका घोड्याच्या दुखापतीतून. ऑगस्ट १८५४ मध्ये कलकत्त्यास खिदिरपूरच्या सरकारी गोदीतून पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीची घोडागाडी चालली होती. गोदीचे मजूर लोखंडाचा एक अवजड भाग वाहून नेत होते. गाडी पाहताच गडबडून त्यांनी तो खाली टाकला. आवाजाने घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. कंपनीने ३५० रुपयांचा दावा लावला. १८६१ साली सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी निकाल दिला की, गोदी चालविणे हे काम कोणीही खासगी व्यक्ती करू शकते, ते राजसत्तेचे काम नव्हे, म्हणून सरकारने भरपाई द्यावी. घोड्याच्या मालकाला न्याय मिळाला. परंतु त्याच निकालात असेही सुचविले गेले की, ज्या गोष्टी केवळ सार्वभौम सत्ताच करू शकते, त्यांबद्दल मात्र असा दावा चालणार नाही. प्रकरणात या विधानाची गरज नव्हती. तरीही पुढची शंभर वर्षे न्यायालयांनी त्याच विधानाचा आधार घेतला. योगायोग असा की, कलकत्त्याचा हा निकाल वकिलांच्या हाती पडला तो मुंबई हायकोर्टाच्या निकालसंग्रहाच्या पाचव्या खंडाच्या परिशिष्टातून.

सार्वभौम कृत्य कोणते आणि व्यापारी कृत्य कोणते, ही रेघ ओढणे सोपे नव्हते. कलकत्ता हायकोर्टाने १८७५ साली गांजाच्या परवान्याच्या प्रकरणात ती रेघ सरकारला सोयीची ओढली. १८८२ साली मद्रास हायकोर्टाने उलट मत दिले. मुंबईहून मलबारच्या बंदराकडे निघालेल्या मिठावरील कर वाटेतच वाढविला गेला होता, आणि हरी भानजी या व्यापाऱ्याने जादा रक्कम निषेधपूर्वक भरून ती परत मागितली होती. परराष्ट्राशी केलेल्या राजकीय कृत्याखेरीज, कायद्याच्या नावाने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल सरकारला न्यायालयात उत्तर द्यावे लागेल, असे त्या न्यायालयाने सांगितले. मद्रासचा हा विचार अधिक प्रशस्त होता. पण पुढे चाल पडली ती कलकत्त्याच्या विचाराची.

आता अधिकाराच्या प्रश्नाकडे वळावयाचे. कलकत्त्यात बसलेल्या हिंदुस्थान सरकारच्या विधिमंडळाने एखादा कायदा करून, अमुक बाबतीत सरकारवर दावा लावता येणार नाही, असे ठरविले तर? तसे प्रत्यक्षात घडले. त्या काळी हिंदुस्थानचाच एक प्रांत असलेल्या ब्रह्मदेशात १८९८ च्या एका जमीनविषयक कायद्याने सरकारविरुद्धचे जमिनीच्या हक्काचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले. रंगूनच्या एका रहिवाशाने आपल्या मिळकतीत सरकारने बेकायदा हात घातल्याबद्दल दावा केला आणि तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९१२ साली लॉर्ड हॉल्डेन यांनी निकाल दिला. प्रजेला १८५८ च्या पार्लमेंटच्या कायद्याने दिलेला दाव्याचा हक्क हिंदुस्थानच्या विधिमंडळाला काढून घेता येत नाही, म्हणून ते कलम निरर्थक होय, असे त्यांनी ठरविले. सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध मोमेंट या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. परक्या सत्तेच्या काळात, परक्याच देशातील न्यायासनाने, येथील सरकारला स्वतःभोवती कायद्याची भिंत उभारू दिली नाही.

ही अडचण १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टने दूर केली. त्याच्या १७६ व्या कलमात जुना हक्क तसाच ठेवला, पण त्यापुढे केंद्राचे अथवा प्रांताचे विधिमंडळ जो कायदा करील त्यास अधीन राहून, अशी पुस्ती जोडली. राज्यघटनेच्या ३०० व्या अनुच्छेदाने तीच रचना स्वीकारली. भारत सरकारवर व राज्य सरकारांवर, संसद अथवा राज्य विधिमंडळ जो कायदा करील त्याच्या अधीन राहून, पूर्वी ज्या प्रसंगी दावा चालला असता त्या प्रसंगी दावा चालेल. अपकृत्यांचा, म्हणजे करारभंग सोडून इतर दिवाणी स्वरूपाच्या अन्यायांचा, विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्र आणि राज्ये दोघांनाही तो मोकळा आहे. विधिमंडळाने इच्छा केली तर संरक्षण पूर्ण काढून टाकावे, इच्छा केली तर मूलभूत हक्कांच्या मर्यादेत राहून वाढवावे. हा अधिकार वापरला जाईपर्यंत मात्र नागरिकाच्या नुकसानीचे माप १८५८ पूर्वीच्या एका व्यापारी कंपनीच्या मापाने घ्यावयाचे. स्वतंत्र प्रजासत्ताकाने हा विचित्र वारसा तात्पुरता म्हणून स्वीकारला असावा, असे त्या अनुच्छेदाच्या शब्दयोजनेवरून दिसते.

ग्वाल्हेरकरांच्या दृष्टीने त्या अनुच्छेदात आणखी एक गुंता होता. जे प्रदेश पूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते, त्यांच्यासाठी माप कंपनीचे नव्हते, तर 'तत्सम संस्थानाचे' होते. म्हणजे शिंदे सरकारवर प्रजेला जेथपर्यंत दावा लावता आला असता, तेथपर्यंतच नव्या राज्यावर.

संस्थानिकावर दावा लावणे हे मुळातच अवघड प्रकरण. ब्रिटिश मुलखातील न्यायालयात तो लावावयाचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८६ व्या कलमाप्रमाणे आधी हिंदुस्थान सरकारची संमती लागे. १९३८ साली बडोद्याच्या गायकवाडांच्या रेल्वेवरील एक दावा याच कारणाने प्रिव्ही कौन्सिलमध्ये फसला. रेल्वे हे वेगळे नाव असले तरी दावा वस्तुतः महाराजांवरच आहे, आणि संमती घेतलेली नाही, असे ठरले. ग्वाल्हेर दरबारची छोट्या रुळांची रेल्वे त्या वेळी भिंड, शिवपुरी व श्योपूरच्या दिशांना धावत होती. बडोद्याचा न्याय तिलाही लागू पडला असता. संस्थानाच्या आत तर महाराजांची आज्ञा हाच कायदा.

ही शेवटची गोष्ट अलंकारिक नाही. तिचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरच्याच एका प्रकरणात दिला आहे. शिंद्यांच्या फौजेत एक्कान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वारांच्या वंशजांना पिढीजाद वेतन चालू होते, आणि त्याचे नियम दरबारच्या कलमबंदीत घालून दिलेले होते. मध्यभारत सरकारने एका कारभारी हुकुमाने हे वेतन बंद केले. माधवराव फाळके विरुद्ध मध्यभारत राज्य या प्रकरणात १९६० साली न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिले की, अनियंत्रित राजाच्या राज्यात कायदा आणि कारभारी हुकूम असा भेद करता येत नाही, म्हणून कलमबंदी हा कायदाच होय. आणि कायद्याने दिलेला हक्क काढून घ्यावयाचा तर विधिमंडळाने कायदाच केला पाहिजे; सचिवालयाच्या हुकुमाने ते होणार नाही. दख्खनेतून आलेल्या शिलेदारांच्या वंशजांसाठी तो निकाल पोटापाण्याचा होता, आणि विधिमंडळाच्या अधिकाराविषयी त्यात सांगितलेली गोष्टही तितकीच महत्त्वाची होती.

मध्यभारत हे राज्य २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेरास पंडित नेहरूंच्या हस्ते स्थापन झाले आणि जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख झाले. विलीनीकरणाच्या कराराने संस्थानिकांनी आपल्या खासगी मालमत्तेच्या याद्या सादर करावयाच्या होत्या. उरलेले सर्व राज्याचे. दफ्तरातील खासगी व दौलत यांमधील रेघ अशा रीतीने एकदाची कागदावर पक्की झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्यप्रदेशात विलीन झाला. त्या वेळच्या राज्य पुनर्रचना अधिनियमात जुन्या राज्यावरील अपकृत्याचे दायित्व कोणत्या नव्या राज्याने उचलावयाचे, याची बारकाईने तरतूद आहे. दायित्व मुळात केव्हा उत्पन्न होते, हे मात्र संसदेने तेथेही सांगितले नाही. देणे कोणाच्या खात्यावर टाकावे हे ठरले, देणे आहे की नाही हे अनिर्णित राहिले.

संस्थानी माप पुढे कितपत चालणार, याचा निर्णय राजपुतान्यातील प्रकरणात लागला. फेब्रुवारी १९५२ मध्ये उदयपूरच्या कलेक्टरसाहेबांची जीप दुरुस्तीनंतर कारखान्यातून त्यांच्या बंगल्याकडे नेली जात होती. चालकाच्या निष्काळजीपणाने पायी चाललेल्या एका गृहस्थास तिची धडक बसली व त्यात त्याचा मृत्यू झाला. विधवा व लहान मुलगी मागे राहिली. राजस्थान सरकारचा बचाव असा की, उदयपूरच्या महाराण्यांवर असा दावा चालला नसता, म्हणून आमच्यावरही चालत नाही. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी १९६२ साली विद्यावती प्रकरणात तो बचाव फेटाळला आणि १५,००० रुपयांचा हुकूमनामा कायम केला. जुन्या संस्थानाला असे संरक्षण होते हे सरकारने सिद्ध केलेले नाही, आणि प्रजासत्ताकात सरकारने आपल्या नोकराच्या चुकीबद्दल इतर मालकांपेक्षा निराळे का वागावे याला तत्त्वतः आधार नाही, असा त्याचा रोख होता. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, कोल्हापूर येथील जुन्या प्रजेलाही या निकालाने दार उघडले.

ते दार अडीच-तीन वर्षांतच अर्धे लोटले गेले, आणि ते लोटणारे हात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांचे होते. साताऱ्याचे, संस्कृत विद्वानांच्या घराण्यात जन्मलेले, कामगारांच्या कैवाराबद्दल ख्याती असलेले हे न्यायाधीश तेव्हा सरन्यायाधीशपदी होते. प्रकरण कस्तुरीलाल रलियाराम जैन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या नावाचे. २० सप्टेंबर १९४७ च्या रात्री, फाळणीच्या धामधुमीत, अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोने-चांदी घेऊन मेरठच्या बाजारात आला असता पोलिसांनी त्याला संशयावरून अटक केली. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. चांदीही पुढे परत मिळाली. शंभर तोळ्यांहून अधिक सोने मात्र पोलिसांच्या मालखान्यात राहिले, आणि ज्याच्या ताब्यात ते होते तो हेड कॉन्स्टेबल ते घेऊन ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानात निघून गेला.

पोलिसांचा निष्काळजीपणा न्यायालयाने मान्य केला. माल नियमाप्रमाणे कोषागारात ठेवावयास हवा होता, तो ठेवला नाही. तरीही २९ सप्टेंबर १९६४ च्या निकालाने सराफाचा दावा फेटाळला गेला. अटक करणे, झडती घेणे, माल जप्त करणे ही सार्वभौम सत्तेची कामे, ती करताना नोकराने चूक केली तर सरकार उत्तरदायी नाही, हे त्याचे कारण. विद्यावती प्रकरणातील जीप सार्वभौम कामावर नव्हती, असा भेद करण्यात आला. पेशवाईतील एखाद्या खेड्याच्या पाटलाला जी जबाबदारी झटकता आली नसती, ती प्रजासत्ताकातील राज्याला झटकता आली, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

गजेंद्रगडकर यांना हे टोचत होते. कायद्याच्या नावाने ज्याचा माल सरकारने ताब्यात घेतला, त्यालाच सरकारविरुद्ध तुझा दावा नाही असे सांगावे लागते, ही स्थिती समाधानकारक नाही, असे त्यांनी निकालातच नमूद केले. मात्र उपाय विधिमंडळाच्या हाती आहे, असे म्हणून ते थांबले. अमेरिकेने १९४६ साली आणि खुद्द इंग्लंडने १९४७ साली कायदे करून सरकारचे हे जुने संरक्षण बरेचसे सोडून दिले आहे, याचीही त्यांनी आठवण दिली. त्यांच्या या संयमाविषयी दुमत होऊ शकते. १८६१ च्या निकालातील ज्या विधानावर सारी इमारत उभी होती, ते बंधनकारक नव्हते. इच्छा असती तर सर्वोच्च न्यायालयाला ते बाजूस सारता आले असते. पण घटनेने अधिकार विधिमंडळाला दिला असताना न्यायाधीशाने तो ओढून घेऊ नये, ही त्यांची भूमिका प्रामाणिक होती. चार वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या एक्कानांना त्यांनी जे सांगितले होते, त्याचीच ही दुसरी बाजू: तेथे हक्क काढून घेण्यास कायदा हवा होता, येथे हक्क देण्यास.

कायद्याचा मसुदा काही अप्राप्य नव्हता. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५६ साली आपला पहिलाच अहवाल या विषयावर दिला होता. सार्वभौम व इतर कृत्यांमधील जुना भेद टाकून द्यावा, आणि नोकराच्या चुकीबद्दल सरकार साधारणपणे इतर मालकांप्रमाणेच उत्तरदायी असावे, असा त्याचा आशय होता. कस्तुरीलाल निकालानंतर वर्षभरातच, १९६५ साली, सरकारच्या अपकृत्यविषयक दायित्वाचे विधेयक लोकसभेत आले. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. १९६७ साली ते पुन्हा मांडले गेले व संयुक्त समितीकडे गेले. डिसेंबर १९७० मध्ये चौथी लोकसभा विसर्जित झाली, आणि त्याचा कायदा झालाच नाही. यानंतर तसे सर्वसाधारण विधेयक संसदेने संमत केलेले नाही.

त्याच डिसेंबर १९७० मध्ये शिंद्यांचे नाव देशभर गाजत होते. संस्थानिकांची मान्यता राष्ट्रपतींच्या हुकुमाने काढून घेण्याविरुद्ध माधवराव शिंदे यांनी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने त्या महिन्यात मंजूर केला. संसदेने १९७१ साली सव्विसावी घटनादुरुस्ती करून तनखे व मान्यता रद्द केली, आणि १९७२ च्या कायद्याने संस्थानिकांचे इतर विशेषाधिकारही संपविले. दिवाणी संहितेच्या ८७-ब या कलमाने माजी संस्थानिकांना दाव्यापासून जे संरक्षण दिले होते, ते यात गेले. १९६४ साली गजेंद्रगडकर यांनीच ते कलम वैध ठरवून, ते असेच चालू ठेवावे काय याचा सरकारने विचार करावा, असे सुचविले होते. दोन सूचना, एकाच न्यायाधीशाच्या आणि एकाच वर्षातील. राजांवर दावा लावण्याची वाट मोकळी करावी ही सूचना संसदेने सात-आठ वर्षांत अमलात आणली. सरकारवर दावा लावण्याची वाट मोकळी करावी, ही तशीच राहिली.

तुकड्या-तुकड्याने काही झाले, हे नाकारता येणार नाही. मोटार अपघातांसाठी दावा न्यायाधिकरणे आली आणि सरकारी वाहनांचे बहुतेक प्रश्न तेथे सुटू लागले. रेल्वे अपघातांसाठीही भरपाईचा कायदा आहे. परंतु जेथे चाक नाही आणि लाठी आहे, तेथे जुना नियमच चालला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या चिरंजीलाल प्रकरणात पोलिसांच्या अकारण लाठीमारात मालमत्तेचे नुकसान झाल्याची तक्रार होती. मिरवणुकांचे नियमन व शांतता राखणे हे सार्वभौम कृत्य आहे, म्हणून दावा चालत नाही, असे मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने ठरविले. एकदा लाठी सार्वभौम ठरली की ती कारणाने उगारली की विनाकारण, याची चौकशीच उरत नाही. या नियमातील खरा दोष हाच होय.

विधिमंडळ गप्प राहिले तेव्हा न्यायालयांनी आडवाट शोधली, आणि तिच्या आरंभी दुसरे मराठी सरन्यायाधीश उभे आहेत. पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यापुढे बिहारमधील एका कैद्याचा अर्ज आला. १९६८ साली निर्दोष सुटलेला हा माणूस १९८२ पर्यंत, चौदा वर्षांहून अधिक काळ, तुरुंगातच डांबलेला होता. त्याला जुन्या मार्गाने दिवाणी दाव्याकडे पाठविले असते तर सार्वभौम कृत्याचा अडसर तेथे होताच. १ ऑगस्ट १९८३ रोजी रुदल शाह प्रकरणात चंद्रचूड यांनी घटनेच्या ३२ व्या अनुच्छेदाखालीच, आधी दिलेल्या ५,००० रुपयांशिवाय, ३०,००० रुपये तात्पुरती भरपाई देवविली. ३०० व्या अनुच्छेदाला त्यांनी हात लावला नाही; जीविताचा मूलभूत हक्क पायदळी तुडविला गेला असता केवळ सुटकेचा हुकूम देऊन थांबणे म्हणजे त्या हक्काची थट्टा होईल, असा विचार केला. १९९३ साली ओरिसातील कोठडीमृत्यूच्या नीलाबती बेहेरा प्रकरणात हे तत्त्व पक्के झाले. मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दलची भरपाई हा स्वतंत्र मार्ग आहे आणि तेथे सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही, असे ठरले.

मध्यप्रदेशाच्या वाट्याला याच काळात एक निराळा अनुभव आला. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या भोपाळच्या वायुगळतीनंतर संसदेने १९८५ साली कायदा करून पीडितांच्या वतीने दावा करण्याचा एकाधिकार केंद्र सरकारला दिला. सरकारचीही या दुर्घटनेत जबाबदारी आहे, मग तेच पीडितांचे प्रतिनिधी कसे, असा आक्षेप घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कायदा वैध ठरविला. त्यापूर्वीच, फेब्रुवारीत, ४७ कोटी डॉलरवर तडजोड झालेली होती. अपकृत्याच्या क्षेत्रात कायदा करण्याची शक्ती आणि तत्परता संसदेकडे आहे, एवढे तरी त्या कायद्याने दिसले. दुर्घटनेनंतर चार महिन्यांच्या आत तो झाला होता.

दिवाणी न्यायालयांतील जुनी रेघही हळूहळू पुसट झाली. आंध्रातील एका व्यापाऱ्याचे जप्त केलेले खत सरकारी ताब्यात खराब झाले, तेव्हा १९९४ च्या नागेंद्र राव निकालाने, आधुनिक राज्यात राजसत्तेचे काम आणि इतर काम असा भेद फारसा टिकत नाही, असे सांगून सरकारला उत्तरदायी ठरविले. २००० साली आंध्रातीलच एका तुरुंगातील बाँबहल्ल्याच्या प्रकरणात, जीविताच्या हक्कापुढे कस्तुरीलालचे महत्त्व उरलेले नाही, अशी भाषा वापरली गेली. तरीही कस्तुरीलालचा निकाल तेवढ्याच मोठ्या पीठाने औपचारिकरीत्या रद्द केलेला नाही. सरकारी वकिलाला तो आजही पुढे करता येतो, आणि त्याचे उत्तर देण्यात पक्षकाराची वर्षे जातात.

ती किती जातात, याचा हिशेब मराठवाड्यातील एका प्रकरणात आहे. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर, येथील शासकीय रुग्णालयात एका स्त्रीची प्रसूतीनंतर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापडाचा बोळा राहिला. तो काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, परंतु त्याच महिन्यात ती मरण पावली. पतीने व मुलांनी दावा केला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरविला, आणि त्याच्या कारणांत रुग्णालय चालविणे हे सार्वभौम सत्तेचे काम आहे, हेही एक होते. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. तेवढ्या अवधीत कस्तुरीलालचा निकाल लागला, दोन विधेयके आली आणि बारगळली, संस्थानिकांचे संरक्षण संपले, रुदल शाह आणि नीलाबती बेहेरा यांचे निकाल झाले. २० फेब्रुवारी १९९६ रोजी अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने, रुग्णालय चालविणे हे सार्वभौम कृत्य नव्हे असे सांगून, ३६,००० रुपयांचा तो जुना हुकूमनामा पुन्हा कायम करण्यात आला. घटना घडून बत्तीस वर्षे सात महिने झाले होते.